इंजिन मोटारसायकलचं, गाडी चार चाकांची

२०१४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेली होती आणि कॉलेजच्या वर्कशॉपचे पत्रे अजून ठिबकत होते. मी तेव्हा पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शाखेला शिकवत होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची सात-आठ मुलं-मुली टेबलाभोवती जमली आणि त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सर, बाकी सगळं ठरलंय. फक्त एकच सांगा, इंजिन कुठलं घ्यायचं?"

"बाकी सगळं ठरलंय, फक्त इंजिन राहिलंय" म्हणजे हॉल ठरला, आचारी ठरला, पत्रिकाही छापून झाल्या, फक्त नवरा मुलगा बघायचा राहिलाय, अशातला प्रकार. पण हे मला आज कळतं. त्या दिवशी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मुलांना एक छोटी शर्यतीची गाडी बांधायची होती. एकाच माणसाची, उघड्या चाकांची. 'फॉर्म्युला स्टुडंट' नावाने जगभर अशा विद्यार्थी-स्पर्धा होतात. अमेरिकेत त्यांची सुरुवात १९८१ साली झाली, आपल्याकडे २०११ पासून हे वारं शिरलं. त्या वेळच्या नियमानुसार इंजिन जास्तीत जास्त ६१० सीसीचं हवं, आणि इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातून गेली पाहिजे. एवढ्या आकाराचं दमदार इंजिन मोटारीत मिळत नाही, मोटारसायकलमध्येच मिळतं. टेबलावर दोन पर्याय होते. एक, जपानी मोटारसायकलचं चार सिलिंडरचं ६०० सीसीचं जुनं इंजिन. दुसरा, केटीएम ३९० या मोटारसायकलचं एकाच सिलिंडरचं ३७३ सीसीचं इंजिन. हे दुसरं आमच्या अगदी शेजारी, चाकणला बनत होतं. पहिल्याची मूळ ताकद शंभर अश्वशक्तीच्या वर, दुसऱ्याची ४३च्या आसपास. पहिल्याचं वजन साठ किलोंच्या घरात, दुसऱ्याचं अवघं ३६ किलो.

मी म्हणालो, "अरे, ताकद कधी जास्त झाली म्हणून कुणी रडलंय का? चार सिलिंडरचं घ्या." मुलांनी घेतलं. पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी जो इतिहास सांगणार आहे, तो मी त्या घटनेनंतर वाचला. आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

मोटारसायकलचं इंजिन काढून ते जास्त चाकांच्या गाडीला बसवायचं, ही कल्पना जवळपास मोटारसायकलइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न लिंक या गावी एच. एफ. एस. मॉर्गन नावाच्या तरुण अभियंत्याचं गॅरेज होतं. १९०९ साली त्याने एक तीनचाकी बांधली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि इंजिन दुचाकीच्या जातीचं. १९१० साली लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्याने जी गाडी मांडली, तिला जे.ए.पी. कंपनीचं इंजिन होतं. जे.ए.पी. म्हणजे जॉन आल्फ्रेड प्रेस्टविच. लंडनच्या टॉटनहॅम भागात यांचा कारखाना होता आणि अनेक मोटारसायकलवाले त्यांच्याकडून तयार इंजिनं विकत घेत. मॉर्गनची तीनचाकी हलकी, स्वस्त आणि चपळ होती. मोटार परवडत नाही आणि मोटारसायकलवर बायको-मुलाला घेऊन भिजायचं नाही, अशा मधल्या माणसाची ती गाडी. अशा हलक्या गाड्यांना 'सायकलकार' म्हणत. १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही खरीखुरी छोटी मोटार आली आणि बहुतेक सायकलकार इतिहासजमा झाल्या. मॉर्गनची तीनचाकी मात्र १९५२ पर्यंत निघत राहिली.

लांब कशाला जायचं? आपल्या दारातली रिक्षा त्याच कुळातली. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीने व्हेस्पा स्कूटर आणली आणि १९४८ साली त्याच स्कूटरवरून 'आपे' ही तीनचाकी मालगाडी तयार केली. आपल्याकडच्या रिक्षेचा वंश तिथून आला. आता गंमत बघा. स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो, रिक्षेला असतो. स्कूटर माणूस पायाने मागे ढकलतो. चार माणसं आणि सामान भरलेली रिक्षा कोण ढकलणार? दुचाकीचं इंजिन जास्त चाकांना जोडलं की दुचाकीच्या अंगवळणी नसलेल्या गोष्टी त्याला शिकवाव्या लागतात. हा पहिला धडा माझ्या कॉलेजच्या फाटकासमोर रोज रांगेत उभा असे.

या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान १९४६ सालचं आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चालू होतं. शर्यतीच्या मोठ्या गाड्या घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. अशा वेळी ब्रिस्टलच्या काही हौशी मंडळींनी ठरवलं की, आपण ५०० सीसीच्या मोटारसायकल-इंजिनावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यती करू. स्वस्तात मजा, एवढाच हेतू.

लंडनजवळच्या सर्बिटन इथे चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांचं गॅरेज होतं. जॉनने एरिक ब्रँडन या मित्राबरोबर अशी एक गाडी बांधायला घेतली. साहित्य काय, तर जुन्या फियाट टोपोलिनो गाड्यांचे दोन पुढचे भाग. ते दोन भाग त्यांनी पाठीला पाठ लावून जोडले. म्हणजे गाडीला पुढूनही पुढचाच भाग आणि मागूनही पुढचाच! इंजिन जे.ए.पी.चं, धुळीच्या गोल मैदानावर होणाऱ्या स्पीडवे शर्यतीतल्या मोटारसायकलचं. एकच सिलिंडर आणि ताकद चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती.

आता हे इंजिन बसवायचं कुठे? मोटारीचं इंजिन पुढे असायचं, तिथून लांब दांडा मागच्या चाकांपर्यंत जायचा. पण मोटारसायकलच्या इंजिनाकडून ताकद येते ती चेनने. पुढच्या इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत चेन न्यायची तर ती केवढी लांब होणार, किती लोंबणार, आणि चालकाच्या कुठून जाणार? त्यापेक्षा इंजिनच चालकाच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढ्यात ठेवलं तर चेन हातभर पुरते. कूपरांनी तसं केलं. त्यांच्यापुढे कसलाही सिद्धान्त नव्हता. हे सोयीचं होतं, इतकंच. जॉन कूपर यांनी पुढेही ते कधी लपवलं नाही.

पण या सोयीतून काय निघालं बघा. चालकाच्या खालून जाणारा दांडा गेला, त्यामुळे चालक जमिनीलगत बसू लागला आणि गाडी ठेंगणी झाली. वजनाचा मोठा हिस्सा मागच्या चाकांवर, म्हणजे जिथे ताकद पोहोचवायची तिथेच आला. सगळी गाडी मिळून वजन भरलं अडीचशे-तीनशे किलो. वळणावर ती मोठ्या गाड्यांपेक्षा चटकन वळे. तशा जर्मनीच्या ऑटो युनियनने १९३०च्या दशकातच मागे इंजिन असलेल्या प्रचंड ताकदीच्या गाड्या पळवल्या होत्या, पण युद्धानंतर ती वाट बहुतेकांनी सोडून दिली होती. कूपर त्या वाटेवर मागच्या दाराने आले. १९४८ साली स्टर्लिंग मॉस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने कूपरची ५०० सीसीची गाडी घेतली आणि त्याची कारकीर्द तिथून सुरू झाली. १९५० साली या छोट्या गाड्यांच्या वर्गाला 'फॉर्म्युला थ्री' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

याच मॉसने १९५८ साली अर्जेंटिनाची ग्रां प्री जिंकली. गाडी कूपरचीच, पण आता तिला मोटारीचं इंजिन होतं, फक्त जागा तीच, चालकाच्या मागे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला मागे इंजिन असलेल्या गाडीचा हा पहिला विजय. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबहम कूपर चालवून जगज्जेता झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ग्रां प्रीच्या गाड्यांमधलं पुढचं इंजिन नाहीसं झालं, ते आजतागायत. एका चेनच्या लांबीने शर्यतीच्या गाडीचा आकार बदलला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या ५०० सीसीच्या जमान्यात इंजिनाच्या निवडीवरून कशी झुंबड उडे, त्याचीही एक मजेदार हकिकत आहे. जे.ए.पी.पेक्षा नॉर्टन मँक्सचं इंजिन सरस ठरू लागलं. पण नॉर्टन कंपनी नुसतं इंजिन विकायला तयार नसे. मग शर्यतवाले काय करत? अख्खी नवी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून गाडीला लावत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. नॉर्टनचा सांगाडा तर फारच नावाजलेला. तो घेऊन लोक त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवू लागले. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून 'ट्रायटन'! मोटारसायकलच्या दुनियेत या ट्रायटनला आजही मान आहे. गाडीवाल्यांनी टाकून दिलेल्या निम्म्या भागातून दुचाकीवाल्यांनी आपलं दैवत घडवलं.

पुढचा टप्पा किट कारचा. किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत मिळणारी आणि घरी जुळवायची गाडी. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही अगदी साधी, हलकी, दोन माणसांची गाडी आणली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी-कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे, म्हणून ती सुट्या भागांतही मिळे. असं सांगतात की, जोडणीच्या सूचना सोबत देणं नियमात बसत नव्हतं, तेव्हा चॅपमन यांनी गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून वाचायच्या! १९७३ साली करपद्धत बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. १९९६ साली रॉन चँपियन यांचं अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्स कार बांधण्याचं पुस्तक आलं आणि सेव्हनसारख्या गाड्या घरोघरच्या गॅरेजांत तयार होऊ लागल्या.

त्याच सुमारास जपानी मोटारसायकलींनी कमाल केली होती. १९९२ साली होंडाची फायरब्लेड आली, १९९८ साली यामाहाची आर-वन, १९९९ साली सुझुकीची हायाबुसा. आर-वनचं इंजिन ९९८ सीसीचं आणि ताकद १५० अश्वशक्ती. आपली मारुती ८०० आठवा. साडेसहाशे किलोंची गाडी आणि ३७ अश्वशक्ती. आता साडेचारशे किलोंच्या किट कारमध्ये आर-वनचं इंजिन कल्पून बघा! शिवाय या इंजिनांच्या पोटातच गिअरबॉक्स आणि क्लच असतो. सगळं मिळून वजन साठ ते नव्वद किलोंमध्ये. मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतला तर सहज याच्या दुप्पट. अपघातात मोडलेल्या मोटारसायकलींची इंजिनं इंग्लंडमधल्या भंगारवाल्यांकडे मिळू लागली आणि घरी गाडी बांधणाऱ्यांनी ती उचलली. १९९७ साली तर रॅडिकल नावाची कंपनीच अशा गाड्यांसाठी निघाली. पुढे त्यांच्या एका गाडीसाठी हायाबुसाच्या इंजिनांवरून आठ सिलिंडरचं इंजिन तयार झालं.

हे सगळं ऐकून वाटेल की यात तोटा तो कसला? तोटे आहेत, आणि निवड करताना मोजायचे असतात ते हेच. पहिला तोटा ओढीचा. टॉर्क म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिनाची ओढ. ही इंजिनं आठ-दहा हजार फेऱ्यांवर गरजतात, पण कमी फेऱ्यांवर त्यांच्यात दम नसतो. गाडी जड झाली की ती कुंथतात. दुसरा तोटा क्लचचा. मोटारसायकल आणि वर बसलेला माणूस मिळून अडीच-तीनशे किलो ओढण्यासाठी तो बनवलेला. त्याला दुप्पट वजन दिलं की तो जळतो. तिसरा रिव्हर्स गिअरचा, तो रिक्षेपाशी सांगितलाच. चौथा मांडणीचा. सेव्हनसारख्या गाडीत पुढे इंजिन बसवायचं तर ते काटकोनात फिरवावं लागतं आणि चेनच्या चाकाच्या जागी जोड बसवून मागे दांडा न्यावा लागतो. कूपरांपुढे आलेला प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा दारात हजर.

आणि पाचवा तोटा तेलाचा. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खाल्लं.

मुलांनी सहा महिने रात्रीचा दिवस केला. जानेवारीत गाडी उभी राहिली. कॉलेजच्या मैदानाशेजारच्या डांबरी पट्ट्यावर आम्ही सराव सुरू केला. स्पर्धेत इंग्रजी आठच्या आकारात गोल गोल फिरायची एक परीक्षा असते. चौथ्या वर्षाचा एक मुलगा गाडी चालवत होता. चौथी फेरी, पाचवी फेरी, आणि एकदम हातोडीने ऐरण ठोकल्यासारखा आवाज आला. गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन उघडलं तेव्हा एका कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काळंनिळं पडलेलं होतं. तेल पुरेसं होतं, मी स्वतः मोजून भरलं होतं. मला काही उलगडेना.

उलगडा केला आमच्या संघातल्या मुलीने. ती रोज स्वतःच्या मोटारसायकलवरून कॉलेजला येत असे. म्हणाली, "सर, वळताना माझी बाइक झुकते. आपली गाडी झुकत नाही."

बस, एवढंच! तुम्ही एसटीने खंबाटकी घाट चढताना मांडीवर आमटीचा डबा धरला असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. बस वळली की आमटी एका बाजूला चढते. पण डबाच वळणाच्या आतल्या बाजूला बेताने कलता धरला, तर आमटी तळाशी निमूट राहते. मोटारसायकल वळताना स्वतः कलते, त्यामुळे तिच्या इंजिनातलं तेल तळाशीच राहतं आणि पंपाला मिळत राहतं. तेच इंजिन चार चाकांवर बसवलं की ते सपाट वळतं. तेल एका भिंतीवर चढतं, पंप हवा ओढतो आणि तेलाविना बेअरिंग काही क्षणांत जातं. जे.ए.पी. आणि नॉर्टनच्या काळात ही अडचण फारशी नव्हती, कारण त्यांचं तेल वेगळ्या टाकीत असे. पुढच्या बहुतेक जपानी इंजिनांत ते इंजिनाच्या तळाशीच राहू लागलं. त्याला उपाय आहेत. तळाच्या भांड्यात आडव्या पट्ट्या घालून तेल अडवायचं, नाहीतर वेगळी टाकी बसवायची. पण त्याला पैसा लागतो, वेळ लागतो आणि मुळात ते आधी सुचावं लागतं. तीस वर्षं मी फळ्यावर केंद्राभिमुख बलाची गणितं सोडवून दाखवत होतो, आणि मला ते सुचलं नव्हतं.

आमचे पैसे संपले होते. त्या वर्षी संघ स्पर्धेला गेला नाही. तिसऱ्या वर्षातल्या मुलांना पुढचं वर्ष होतं. गाडी चालवणाऱ्या त्या मुलाला नव्हतं. तो मला एक शब्दही बोलला नाही. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला, पाया पडला आणि गेला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. इंग्लंडमध्ये असं फसलेला माणूस पुढच्या वर्षी घरच्या गॅरेजात पुन्हा बांधतो आणि तपासणी करून घेऊन रस्त्यावर आणतो. आपल्याकडे हाताने जुळवलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवून घेणं सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य. गाडीच्या नमुन्याला एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते, आणि ती वाट कारखान्यांसाठी आखलेली आहे. त्यामुळे कॉलेजातली ती दोन-तीन वर्षं हीच आपल्या मुलांची संधी. ती माझ्या एका शब्दाने गेली.

पुढच्या वर्षी मुलांनी मला इंजिनाचं विचारलं नाही आणि ते बरोबरच केलं. त्या मुलीने आधी वजनकाटा आणवला. चालक किती किलोचा, चाकं किती, सांगाडा किती, इंजिनाला हात लावायला माणसाचा हात शिरेल का, बिघडलं तर सुटा भाग किती दिवसांत मिळेल, असं सगळं कागदावर मांडलं. मग त्यांनी चाकणचं छोटं इंजिन निवडलं. २० मिलिमीटरच्या भोकामुळे मोठ्या इंजिनाची ताकद तशीही बरीच गळते, छोट्याची फारशी गळत नाही. पंचवीस किलो वजन वाचलं, म्हणून सांगाडा हलका झाला, म्हणून ब्रेक लहान चालले. तेलाच्या भांड्यात पट्ट्या त्यांनी पहिल्या आठवड्यातच बसवल्या. त्यांची गाडी जिंकली नाही. पण बावीस किलोमीटरच्या लांब शर्यतीत, मध्ये चालक बदलून, तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करून, ती शेवटच्या रेषेपर्यंत आली. अनेकांच्या गाड्या वाटेतच थांबल्या होत्या.

पुढे स्पर्धेची मर्यादा ६१० वरून ७१० सीसी झाली आणि विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. मी २०१८ साली निवृत्त झालो. अजूनही मुलं घरी येतात आणि पहिला प्रश्न तोच असतो, "सर, इंजिन कुठलं घ्यायचं?" आता त्याच्या जागी बॅटरी किंवा मोटर आली असेल, पण प्रश्न तोच. मी उत्तर देत नाही. माझ्या टेबलावर ते काळंनिळं बेअरिंग आहे, ते त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, "बाकीच्या गाडीचं वजन किती भरतंय? काट्यावर ठेवून आलात का?" बहुतेक जण आलेले नसतात. मग आम्ही चहा पितो, आणि मी त्यांना कूपरच्या चेनची गोष्ट सांगायला घेतो.